नोकरीला जोडून केलेले काम आणि आयकर

कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत नोकरीला असलेले इंजिनियर सुट्टीच्या दिवशी इचलकरंजीत मागांच्या शेडवर दिसतात. कुणाला नवा रॅपियर माग बसवून हवा असतो, कुणाच्या मागावर कापडात सारखा दोष येतो. कारखानदार सल्ला घेतो, फी देतो. आम्ही कापडाचे व्यापारी, त्यामुळे ही देवाणघेवाण रोज पाहतो. फी देताना 10 टक्के टी.डी.एस. कापला की घेणारा समजतो, सरकारचे देणे फिटले. गैरसमज इथेच आहे. टी.डी.एस. हा कराचा हप्ता झाला, पूर्ण कर नव्हे.

एक हिशेब मांडू. समजा, अशा इंजिनियरचा 2025-26 या वर्षाचा पगार 11,40,000 रुपये. नव्या कररचनेत 75,000 ची प्रमाणित वजावट जाऊन 10,65,000 उरतात. 12 लाखांपर्यंत सवलत असल्याने कंपनी त्याच्या पगारातून एक पैसाही कापत नाही. आता सल्ल्याची फी 2,40,000 आली आणि प्रवास, फोन वगैरे खर्च 40,000 झाला. निव्वळ 2 लाख मिळवले की एकूण उत्पन्न 12,65,000 होते. 12 लाखांची रेषा ओलांडताच सवलत जाते. कायदा एवढीच दया दाखवतो की, कर वरच्या 65,000 पेक्षा जास्त घेत नाही. त्यावर 4 टक्के उपकर धरून 67,600 रुपये. कारखानदाराने कापलेले 24,000 वजा केले तरी 43,600 खिशातून भरायचे! दोन लाखांच्या जादा कमाईवर एवढा कर बसतो, हे आधी कळले तर माणूस पैसे बाजूला ठेवतो. जुलैमध्ये कळले तर उधारी करतो.

पण याच इंजिनियरसाठी दुसरी वाटही कायद्यातच आहे. वकील, डॉक्टर, इंजिनियर, वास्तुविशारद, हिशेबनीस, तांत्रिक सल्लागार अशा ठराविक व्यवसायांना फीच्या निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवता येते. मग खर्चाच्या वह्या ठेवाव्या लागत नाहीत. निम्मे म्हणजे 1,20,000. एकूण उत्पन्न 11,85,000. कर शून्य, आणि कापलेले 24,000 परत. मात्र विवरणपत्र 'सुगम' भरावे लागते. नोकरदारांचा नेहमीचा 'सहज' फॉर्म अशा कमाईला चालत नाही, आणि पुष्कळ जण सवयीने तोच भरतात. प्रत्यक्ष नफा निम्म्याहून जास्त दाखवायचा असेल तर त्यालाही मुभा आहे. कोणता मार्ग धरायचा, ते सी.ए.ला सर्व कागद दाखवून ठरवावे.

टी.डी.एस. वजा जाता 10,000 रुपये किंवा अधिक कर उरत असेल तर आगाऊ कर भरावा लागतो : 15 जून, 15 सप्टेंबर, 15 डिसेंबर आणि 15 मार्च. निम्मा नफा दाखवणाऱ्यांना 15 मार्चचा एकच हप्ता. चुकले तर महिन्याला एक टक्का व्याज. ही कटकट नको असेल तर जोडकमाई आपल्या कंपनीच्या हिशेब खात्याला लेखी कळवावी. ते पगारातूनच जास्त कर कापतात. साहेबाला कळेल म्हणून बरेच जण हे टाळतात. पण लपवून काय मिळणार? टी.डी.एस.ची प्रत्येक नोंद पॅन क्रमांकावर चढते आणि 2021 पासून वार्षिक माहिती पत्रकातही दिसते.

फी देणाऱ्या व्यापारी बंधूंनाही सांगणे आहे. एप्रिल 2025 पासून फर्मने वर्षाला एका व्यक्तीला 50,000 पेक्षा जास्त व्यावसायिक फी दिली तर कपात करावी लागते. कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत भरावी (मार्चची 30 एप्रिलपर्यंत). पॅन बरोबर लिहावा, नाहीतर समोरच्याला जमा मिळत नाही. 1 एप्रिल 2026 पासून नव्या आयकर कायद्याचा अंमल असल्याने जुन्या कलमांचे क्रमांक चलनावर लिहू नयेत.

राहिले शिक्षक. उर्दूचे मराठी भाषांतर करून चार पैसे मिळवणारे मास्तर आमच्या ओळखीत पुष्कळ आहेत. भाषांतर त्या ठराविक यादीत नाही. त्यांनी निम्म्याचा हिशेब धरू नये. टायपिंग, कागद, शब्दकोश, टपाल यांच्या पावत्या एका पाकिटात ठेवाव्यात, आणि प्रत्येक पावतीमागे कोणत्या कामासाठी खर्च झाला ते त्याच दिवशी लिहावे.