गोंदण, टॅटू आणि लोकांची नजर



या महिन्याच्या बैठकीत बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते लिहून झाले की दहा मिनिटं राखून ठेवा. सगळ्याजणींनी हात पुढं करा. कुणाच्या हातावर तुळशीचं वृंदावन निघेल, कुणाच्या कोपराखाली विंचू, कुणाच्या मनगटावर भावाचं नाव. वयस्कर आजींच्या कपाळावर, हनुवटीवर हिरवे ठिपके असतील. आणि एखाद्या तरण्या सुनेच्या मनगटावर मशीननं काढलेलं मोरपीस असेल.

आजीचं ते गोंदण आणि सुनेचा तो टॅटू. काम एकच, सुईनं कातडीत रंग भरायचा. पण आजीला बघून लोक म्हणतात, "अडाणी दिसते." सुनेला बघून म्हणतात, "लईच पुढं गेलीय." दोघींशी एक शब्द न बोलता दोघींचा निकाल लागलेला असतो. या वेळच्या पाठात आपण हा निकाल कोण लावतं, त्यानं कुणाचं काय नुकसान होतं आणि आपण काय करायचं, ते बघू.

गोंदण कशासाठी होतं?

पूर्वी गोंदणारीण गावोगाव फिरायची. दिव्याची काजळी कालवायची, दोन-चार सुया एकत्र बांधायच्या आणि टोचून नक्षी काढायची. वरून हळद लावायची. बायका या दुखण्याला तयार व्हायच्या, कारण गोंदण हा गरिबाघरचा दागिना होता. सोन्याचा मणी अडीनडीला मोडावा लागतो, सावकाराकडं गहाण पडतो. गोंदण कुणालाच काढून घेता येत नाही. मेल्यावर बाईसोबत फक्त गोंदणच जातं, असं जुन्या बायका अजून सांगतात.

पण दुसरी बाजूही बघा. पुष्कळ पोरींना कळायच्या आधीच धरून गोंदलं गेलं. देशाच्या काही भागांत तर गोंदण नसलेल्या सुनेच्या हातचं पाणी सासरी चालत नसे. म्हणजे तेव्हा गोंदण नाही म्हणून बाईला नावं ठेवली, आता गोंदण आहे म्हणून ठेवतात. नाव ठेवणं तेवढं सुटलं नाही.

कपाळावरचा शिक्का

गोंदण आणि गुन्हेगारी यांची सांगड लोकांच्या डोक्यात कुठून आली? तिचं एक मूळ इंग्रजांच्या राज्यात सापडतं. बंगाल आणि मद्रास भागात जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदून टाकत. माणूस सुटला, सुधारला, तरी कपाळ बोलतच राही. ही शिक्षा १८४९ मध्ये बंद झाली.

कायद्यातून ती गेली, पण मनातून गेली नाही. डिसेंबर १९९३ मध्ये पंजाबात अमृतसरला पोलिसांनी खिसे कापल्याच्या संशयावरून पकडलेल्या चार बायकांच्या कपाळावर 'जेबकतरी' असं गोंदलं. जेबकतरी म्हणजे खिसेकापू. गुन्हा शाबीत व्हायच्या आधीच शिक्षा झाली, तीही जन्मभराची. त्या बायका लढल्या. २०१६ मध्ये विशेष सीबीआय न्यायालयानं संबंधित पोलिसांना दोषी ठरवलं. न्याय मिळायला तेवीस वर्षं लागली.

याच्या अगदी उलटं उदाहरण छत्तीसगडातल्या रामनामी समाजाचं. अस्पृश्य म्हणून देवळाची दारं बंद केली, तेव्हा या लोकांनी रामाचं नाव आपल्या अंगावरच गोंदून घेतलं. ज्यांना देवळाबाहेर ठेवलं, त्यांच्या अंगावरचा देव मात्र कुणाला अडवता आला नाही. सुई तीच. एका ठिकाणी तिनं माणसाला खाली पाडलं, दुसरीकडं ताठ उभं केलं. फरक इतकाच की एकीकडं जबरदस्ती होती आणि दुसरीकडं स्वतःची मर्जी.

दोन प्रकारचे नियम

आता आपल्या घरातली गोष्ट. गोंदणाबाबत दोन प्रकारचे नियम चालतात. एक लेखी नियम. तो कागदावर असतो, वाचता येतो, विचारता येतो. दुसरा नजरेतला नियम. तो कुठंच लिहिलेला नसतो, पण माणसाला दारातूनच परत पाठवतो. पहिला माहीत करून घ्यायचा असतो, दुसऱ्याला प्रश्न विचारायचा असतो. या दोन्हींची गल्लत झाली की नुकसान होतं.

आधी लेखी नियम बघा, कारण आपली पोरं-पोरी पहाटे उठून भरतीसाठी पळतात.

१. सैन्यभरती : कायमचा टॅटू कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या मागच्या बाजूलाच चालतो. मानेवर, छातीवर, दंडावर असेल तर उमेदवार बाद होतो. आदिवासी समाजातल्या उमेदवारांच्या अंगावर रूढीप्रमाणे गोंदण असेल, तर प्रत्येकाचं प्रकरण तपासून परवानगी देण्याची तरतूद आहे.

२. केंद्रीय दलं (राखीव पोलीस दल, सीमा सुरक्षा दल, औद्योगिक सुरक्षा दल वगैरे) : देवाधर्माचं चिन्ह किंवा नाव चालतं. जागा म्हणजे डाव्या हाताची कोपराखालची आतली बाजू किंवा पंजाची मागची बाजू. डावाच का? सलाम उजव्या हातानं करतात म्हणून. आकार त्या भागाच्या पाव हिश्शापेक्षा लहान हवा.

प्रत्येक भरतीची जाहिरात वेगळी असते. म्हणून अर्ज भरण्याआधी 'वैद्यकीय पात्रता' हा भाग कुणाकडून तरी वाचून घ्या. आणि लेकराला जत्रेत टॅटू काढायचा असेल, तर सुई लागायच्या आधीच हे सांगा. दोन वर्षं पळून उंचीत पास झालेली पोरगी मानेवरच्या फुलपाखरानं बाद झाली, तर तिच्या कष्टांचं मोल कोण देणार?

३. रक्तदान : "गोंदलेल्याचं रक्त चालत नाही" असं सर्रास सांगतात. खरा नियम असा, की नवीन टॅटू काढल्यावर किंवा नाक-कान टोचल्यावर १२ महिने रक्त देता येत नाही. सुईतून कावीळ (हिपॅटायटिस बी, सी) किंवा एचआयव्हीची लागण झाली असेल तर ती कळावी, म्हणून हा थांबा आहे. वर्ष उलटलं आणि बाकी तपासणी ठीक असली, की रक्त चालतं. आजीच्या जुन्या गोंदणाचा तर यात काहीच अडसर नाही.

म्हणूनच टॅटू काढताना सुई नवी आहे का, पाकीट आपल्यासमोर फोडलं का, शाई आपल्यासाठी वेगळ्या टोपणात ओतली का, हे बघायचंच. आणि जुनं गोंदण नकोसं झालं म्हणून चुना किंवा ॲसिड कधीही लावू नका. कातडी जळते, डाग आणखी मोठा होतो. ते लेझरनं काढतात. त्याला खर्च येतो, अनेक खेपा घालाव्या लागतात आणि तरी खूण राहू शकते. कातडीच्या डॉक्टरांनाच विचारा.

नजरेतल्या नियमाचं काय करायचं?

बँकेत कपाळावर गोंदण असलेली बाई खिडकीपाशी आली, की शाईचा पॅड तिच्यापुढं सरकतो. सही येते का, हे कुणी विचारतसुद्धा नाही. गटामुळं सही शिकलेल्या कितीतरी जणी संकोचानं अंगठा लावून परत येतात. अशा वेळी मोठ्यानं म्हणा, "पेन द्या, सही करते."

दुकानात, हॉटेलात, कंपनीत टॅटूवरून किंवा कानातल्या बाळीवरून काम नाकारलं, तर शांतपणे विचारा, "हा नियम कुठं लिहिलाय? दाखवा." एकटीनं विचारायची भीती वाटत असेल, तर गटातल्या दोघी-तिघी सोबत जा. एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, टॅटूच्या नावानं आपल्याकडं वेगळा कायदा नाही. पण संविधानाचं कलम १४ सरकारला सगळ्यांना समान वागवायला बांधतं. आणि आदिवासी किंवा दलित बाईला कमी लेखायच्या हेतूनं तिच्या गोंदणावरून कुणी चारचौघांत अपमान केला, तर १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्याखाली तक्रार करता येते.

आता थोडं आपल्या आत बघू. कानात बाळी घातलेल्या पोराला आपणच टपोरी म्हणतो. जुन्या काळी चांगली वजनदार माणसं कानात भिकबाळी घालून मिरवायची, ते विसरतो. सून बघायला गेल्यावर हातावरचं नाव दिसलं की कुजबुज सुरू होते. आणि गटाची सचिव निवडताना, "तालुक्याला साहेबांपुढं बोलायला तिला नको, जरा बरी दिसणारी पाठवा," असं कोण म्हणतं? हिशोब कुणाचा चोख, हप्ता कुणाचा वेळेवर, अडीअडचणीला कोण धावून येतं, हे आपल्याला वर्षानुवर्षं माहीत असतं. तरी निवड चेहऱ्यावरून होत असेल, तर बँकेतल्या त्या बाबूला बोलायचा आपल्याला काय हक्क?

बैठकीत चर्चेसाठी

१. तुमचं गोंदण तुम्हाला विचारून काढलं होतं का? तुम्हाला ते आवडतं का? आजींना आधी बोलू द्या.
२. गोंदण, टॅटू किंवा टोचलेल्या नाका-कानावरून तुम्हाला कुठं अडवलं गेलं? तो नियम लेखी होता की नजरेतला?
३. गावातली किती मुलं-मुली भरतीची तयारी करतात? त्यांना टॅटूचा नियम कोण सांगणार? दोघींची नावं इतिवृत्तात लिहा.
४. सही येत असूनही अंगठा लावणाऱ्या किती जणी आपल्या गटात आहेत? पुढच्या वेळी बँकेत त्यांच्यासोबत कोण जाणार?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर आलं, की त्याच बैठकीत त्या सगळ्याजणींची सही उपस्थिती नोंदवहीत घ्या. अंगठ्याचा पॅड त्या दिवशी उघडूच नका.