भांडवलशाही आणि समाजवाद : मुलांना समजावून सांगताना



भांडवलशाही आणि समाजवाद हे शब्द मुलं बातम्यांतून, प्रचारसभांतून आणि मोबाईलवरून ऐकत असतात. त्यामुळे वर्गात विषय निघाला की उत्तरं तयारच असतात. कोणी म्हणतं, "भांडवलशाही म्हणजे श्रीमंतांचं राज्य." कोणी म्हणतं, "समाजवाद म्हणजे सगळं फुकट." दोन्ही उत्तरं अर्धवट आहेत. आणि अर्धवट उत्तर एकदा पक्कं बसलं की ते पुसायला फार वेळ लागतो, हा आपल्या सगळ्यांचा अनुभव आहे. म्हणून हा पाठ मी ज्या क्रमाने घेते तो इथे मांडत आहे. पाचवी ते आठवीपर्यंत थोडाफार बदल करून तो घेता येतो.

१) सुरुवात व्याख्येने नको, तीन प्रश्नांनी करा

कोणत्याही समाजाला तीन गोष्टी ठरवाव्या लागतात.
• काय आणि किती बनवायचं?
• ते कसं बनवायचं, कोणी बनवायचं?
• बनलेलं कोणाला मिळणार?

जमीन, पाणी, यंत्रं, माणसांचा वेळ हे सगळं मर्यादित असतं. म्हणून हे प्रश्न टळत नाहीत. घरातसुद्धा हेच चालतं. एका एकरात कांदा लावायचा की ऊस, हा पहिला प्रश्न. बैलाने नांगरायचं की ट्रॅक्टरने, हा दुसरा. आलेल्या पैशात आधी फी भरायची की घराचे पत्रे बदलायचे, हा तिसरा. या तीन प्रश्नांची उत्तरं देण्याच्या पद्धतीला अर्थव्यवस्था म्हणतात. एवढं समजलं की अर्धा पाठ झाला.

२) भांडवलशाही कसं उत्तर देते?

इथे जमीन, कारखाने, यंत्रं म्हणजेच उत्पादनाची साधनं प्रामुख्याने खासगी मालकीची असतात. काय बनवायचं ते मालक नफा बघून ठरवतो. किंमत बाजारात ठरते. टोमॅटो कमी आला की भाव चढतो. चढलेला भाव शेतकऱ्याला सांगतो की आणखी लाव, आणि गिऱ्हाइकाला सांगतो की जपून वापर. हा निरोप कोणत्याही साहेबाने काढलेला नसतो, तरी तो सगळीकडे पोहोचतो. भांडवलशाहीची खरी ताकद इथे आहे.

ॲडम स्मिथ यांनी १७७६ च्या आपल्या ग्रंथात टाचणीच्या कारखान्याचं उदाहरण दिलं आहे. एकटा माणूस दिवसभरात जेमतेम काही टाचण्या करेल. पण तार ओढणारा वेगळा, कापणारा वेगळा, टोक काढणारा वेगळा अशी कामं वाटून घेतली तर दहा माणसं दिवसाला ४८,००० टाचण्या करतात. स्पर्धा, नफा आणि श्रमविभागणी यांतून उत्पादन प्रचंड वाढलं हे खरं आहे.

पण दुसरी बाजूही मुलांना सांगायलाच हवी. १८८१ च्या कारखाना कायद्याने भारतात सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी केली. सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी रोज नऊ तासांची मर्यादा घातली. म्हणजे आपल्या दुसरी-तिसरीच्या वयाचं मूल गिरणीत नऊ तास उभं राहणं कायदेशीर होतं, आणि त्या काळी ही सुधारणा समजली गेली! आपल्याला मिळणारी रविवारची सुट्टीसुद्धा आपोआप आलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, चळवळ केली, तेव्हा १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. बाजाराने ती दिली नव्हती. मुलांना हे सांगितलं की वर्ग एकदम शांत होतो, बघा.

३) समाजवाद कसं उत्तर देतो?

कार्ल मार्क्स यांचं म्हणणं थोडक्यात असं : कामगार जेवढं मूल्य निर्माण करतो तेवढं त्याला मजुरीत मिळत नाही, उरलेलं मालकाकडे जातं. म्हणून उत्पादनाची साधनं समाजाच्या मालकीची असावीत आणि उत्पादन नफ्यासाठी नको, गरजेसाठी व्हावं. मार्क्स यांच्या 'भांडवल' ग्रंथाचा पहिला खंड १८६७ मध्ये प्रसिद्ध झाला. १९१७ च्या क्रांतीनंतर रशियात हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला आणि १९२८ पासून तिथे पंचवार्षिक योजना सुरू झाल्या.

त्यातून काय मिळालं? साक्षरता झपाट्याने वाढली, अवजड उद्योग उभे राहिले, १९६१ मध्ये युरी गागारिन अवकाशात गेले. आणि काय गमावलं? शेतकऱ्यांच्या जमिनी सक्तीने सामुदायिक शेतीत घेतल्या, धान्य जबरदस्तीने उचललं आणि १९३२-३३ च्या दुष्काळात लाखो माणसं उपाशी मेली. वरच्या कार्यालयात बसून कोट्यवधी वस्तूंचं प्रमाण आणि किंमत ठरवणं जमत नव्हतं. कागदावर आकडा पूर्ण व्हायचा आणि दुकानापुढे रांग तशीच असायची. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला.

४) एकच देश, दोन व्यवस्था

तुलना शिकवायला जर्मनीचं उदाहरण फार उपयोगी आहे. भाषा एक, इतिहास एक, युद्धातली पडझडही दोन्हीकडची. १९४९ मध्ये दोन राज्यं झाली. पश्चिमेत बाजार, पूर्वेत सरकारी नियोजन.

पूर्व जर्मनीत घरभाडं आणि पाव स्वस्त होता, बहुतेक सगळ्यांना काम होतं, लहान मुलांसाठी पाळणाघरं भरपूर होती. पण ट्राबांट नावाची साधी गाडी हवी असेल तर नंबर लावून दहा-दहा वर्षांहून जास्त थांबावं लागे. सरकारविरुद्ध बोलायची चोरी होती. माणसं पश्चिमेकडे निघून जाऊ लागली म्हणून १९६१ मध्ये बर्लिनची भिंत बांधली गेली. ती ९ नोव्हेंबर १९८९ ला खुली झाली.

इथे मुलांना एक प्रश्न जरूर विचारा : भिंत कोणाला बाहेर ठेवायला असते आणि कोणाला आत ठेवायला? मात्र गोष्ट इथे संपवू नका. १९९० मध्ये देश एक झाल्यावर पूर्वेकडचे कितीतरी कारखाने बंद पडले आणि बेकारी खूप वाढली. म्हणजे नवी मोकळीक मिळाली आणि जुनी शाश्वती गेली.

५) तुलना एका नजरेत (फळ्यावर लिहून घ्या)

मालकी : भांडवलशाहीत मुख्यतः खासगी, समाजवादात मुख्यतः समाजाची किंवा सरकारची.
प्रेरणा : तिकडे नफा, इकडे सामाजिक गरज.
किंमत : तिकडे मागणी-पुरवठ्यावर, इकडे नियोजनाने ठरलेली.
बळ : तिकडे नवनवीन शोध, निवडीला वाव, इकडे किमान गरजांची हमी.
धोका : तिकडे विषमता, मंदी, बेकारी (१९२९ ची महामंदी आठवा), इकडे टंचाई, दप्तरदिरंगाई, सत्ता एका ठिकाणी साचणं.

६) मग आपला देश कोणता?

आपण मिश्र अर्थव्यवस्था स्वीकारली. १९५१ मध्ये पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली. १९६९ मध्ये १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. १९७६ मध्ये ४२ व्या घटनादुरुस्तीने उद्देशिकेत 'समाजवादी' हा शब्द आला. परवाना पद्धतीमुळे उत्पादनावर मर्यादा होत्या. घरातल्या आजोबांना विचारा, स्कूटरसाठी नंबर लावून किती वर्षं थांबावं लागायचं ते! १९९१ मध्ये धोरण बदललं आणि बाजार मोकळा झाला.

मुलांना हे मिश्रण चहाच्या कपात दाखवा. साखरेचा ऊस शेतकऱ्याच्या खासगी शेतातला. कारखाना कधी खासगी, कधी सहकारी. सहकारी कारखान्यात सभासद मालक असतात आणि शेअर्स कितीही असले तरी मत एकच. लोणीला प्रवरा कारखाना विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभा राहिला तो याच विचाराने. उसाचा किमान दर म्हणजे एफआरपी केंद्र सरकार ठरवतं. आणि अंत्योदय कार्डावरची साखर सरकारी दराने मिळते. एका चमच्यात सगळ्या व्यवस्था!

७) पण तोडणारा कुठे आहे?

इथे थांबून मुलांना हे विचाराच. ऊस तोडणारी जोडी, जिला 'कोयता' म्हणतात, ती मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास गाव सोडते. ती शेताची मालक नसते आणि बहुधा कारखान्याची सभासदही नसते. बीडसारख्या जिल्ह्यांतल्या शाळांत त्या काळात हजेरीपट रिकामा पडायला लागतो. मुलं आईवडिलांबरोबर फडावर जातात, नाहीतर आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात.

आता आपले तीन प्रश्न पुन्हा लावा. साखर किती करायची, ठरलं. कशी करायची, ठरलं. पण त्यातून त्या मुलाला काय मिळालं? बाजाराचं उत्तर त्याच्यापर्यंत पोहोचलेलं नाही आणि सहकाराचंही पुरतं पोहोचलेलं नाही. कोणतीही व्यवस्था तपासायची असेल तर तिच्या सगळ्यात शेवटी उभ्या असलेल्या मुलाकडे बघावं, असं मला वाटतं. तुमच्या वर्गात असं मूल असेल तर मात्र त्याला उभं करून उदाहरण बनवू नका. ही काळजी आपली.

८) उपक्रम : शाळेतला आठवडे बाजार, दोन फेऱ्यांत

पहिली फेरी : प्रत्येक गटाने काय आणायचं ते स्वतः ठरवावं, भाव स्वतः लावावा, नफा स्वतःचा. माझ्या वर्गात तीन गटांनी पेरूच आणले आणि शेवटी भाव पाडावा लागला. ज्यांच्याकडे पैसे कमी होते ती मुलं नुसती फिरत राहिली.

दुसरी फेरी : सगळा माल एका सामायिक दुकानात. तिघांची समिती भाव ठरवेल. सगळ्यांना सारखीच कुपनं. या फेरीत प्रत्येकाच्या हातात काहीतरी आलं. पण रांग लागली, चिवडा लगेच संपला, लिंबं उरली. आणि एक मुलगी म्हणाली, "बाई, मी पेरू धुऊन-पुसून आणले तरी तेवढंच मिळणार का?" तिच्या एका वाक्यात प्रेरणेचा सगळा धडा आला.

शेवटी मुलांनाच तिसऱ्या फेरीचे नियम लिहायला सांगा. माझ्या मुलांनी लिहिलं : भाव आपापला, पण नफ्यातला थोडा भाग एका डब्यात, ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला डब्यातून कुपन. कर आणि कल्याणकारी राज्य हे शब्द मी नंतर सांगितले, कल्पना त्यांचीच होती.

९) टाळायचे गैरसमज

• समाजवाद म्हणजे फुकट नव्हे. खर्च कोणीतरी भरतोच. प्रश्न कोणी आणि किती हा असतो.
• भांडवलशाही म्हणजे नियम नसणं नव्हे. करार, न्यायालय, वजनमापाची तपासणी नसेल तर बाजार चालत नाही.
• स्वीडन, नॉर्वे हे देश 'समाजवादी' म्हणून सांगितले जातात. तिथे खासगी उद्योग भरपूर आहेत. कर जास्त आणि सार्वजनिक सेवा मजबूत आहेत.
• लोकशाही आणि भांडवलशाही एकच नव्हे. एक राज्य चालवण्याची पद्धत, दुसरी अर्थव्यवहाराची.

पालकांसाठी गृहपाठ : या आठवड्यात मुलाबरोबर घरखर्चाची यादी करा. एसटीचा पास, रेशन, दवाखाना, किराणा, मोबाईलचा रिचार्ज. प्रत्येकापुढे लिहा : भाव कोणी ठरवला? आणि ज्याला तो परवडत नाही त्याचं काय होतं? दुसऱ्या रकान्याला वेळ जास्त लागेल. तो मुलालाच भरू द्या.