कॅथलिक शाळा: पहिलीच्या प्रवेशाआधी

दर्यापूर



पहिलीत जाणाऱ्या मुलासाठी कॅथलिक संस्थेची शाळा निवडताना तीन बाबी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात. शाळा कोण चालवते, तिचा खर्च कोण भागवते आणि वर्गात कोणत्या भाषेत शिकवतात. दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर या पट्ट्यात या तिन्हींची सरमिसळ ‘कॉन्व्हेंट’ या एका नावात होते. नर्सरी आणि केजीचे वर्ग असलेली कोणतीही खासगी इंग्रजी शाळा इथे कॉन्व्हेंट म्हणवली जाते. तिच्या संस्थाचालकांचा चर्चशी काही संबंध असेलच असे नाही. असे नाव घेण्यात गैर काही नाही, पण सिस्टरांची शिस्त आणि अनुभव मिळेल या भरवशावर पैसे मोजणाऱ्या पालकाने पाटीमागची संस्था कोणती हे आधी विचारले पाहिजे.

चौकशी अवघड नसते. प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला अकरा अंकी यू-डायस क्रमांक असतो आणि अमरावती जिल्ह्यातील शाळांचा क्रमांक २७०७ या अंकांनी सुरू होतो. त्या क्रमांकावरून शाळेचे व्यवस्थापन, माध्यम आणि मान्यता असलेले वर्ग समजतात. पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयातही ही माहिती मिळते. शाळा स्वतःला अल्पसंख्याक संस्था म्हणवत असेल, तर तिच्याकडे तसे प्रमाणपत्र असते आणि पालकाने ते पाहायला मागितले तर त्यात वावगे काही नाही.

वऱ्हाडातील कॅथलिक शिक्षणसंस्थांमागे मोठा इतिहास आहे. फ्रान्समधील आनसी येथे १८३८ मध्ये स्थापन झालेल्या सेंट फ्रान्सिस दे साल्स संघाचे मिशनरी विशाखापट्टणमकडून मध्य भारतात आले. १८८७ मध्ये नागपूर धर्मप्रांत झाला आणि ८ मे १९५५ रोजी त्यातून अमरावती धर्मप्रांत वेगळा निघाला. अमरावती, अकोला, वाशीम, यवतमाळ आणि बुलडाणा हे जिल्हे त्यात येतात. मेळघाटात चिखलदऱ्याजवळचे मरियमपूर ही याच मिशनरी कामाची खूण आहे. अमरावतीचे होली क्रॉस किंवा अकोल्याचे माउंट कारमेल ही नावे वऱ्हाडातील घराघरांत माहीत आहेत, आणि या शाळांचा लौकिक जाहिरातीतून नव्हे, तर तिथे शिकून गेलेल्या पिढ्यांमधून तयार झाला आहे. त्या लौकिकाचा आदर करावा, पण तो एका शाळेचा असतो. धर्मप्रांत एक असला तरी सगळ्या शाळा सारख्या नसतात.

खर्चाची बाब थोडी गुंतागुंतीची आहे. महाराष्ट्रात शाळा अनुदानित, अंशतः अनुदानित, विनाअनुदानित किंवा २०१२ च्या कायद्याखालील स्वयंअर्थसहाय्यित असते. अनुदानित शाळेत शिक्षकांचा पगार शासन देते, त्यामुळे फी कमी राहते. राज्यघटनेच्या कलम ३० प्रमाणे धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा अधिकार आहे, आणि अनुदान देताना केवळ अल्पसंख्याकांची संस्था म्हणून शासनाला भेदभाव करता येत नाही. मात्र कॅथलिक शाळा म्हणजे अनुदानित शाळा असे समीकरण नाही. एकाच आवारात हायस्कूल अनुदानित आणि प्राथमिक विभाग विनाअनुदानित असू शकतो, आणि केजीचे वर्ग तर बहुधा पालकांच्याच पैशावर चालतात. म्हणून ‘शाळा अनुदानित आहे का’ हा प्रश्न अपुरा पडतो. ‘पहिलीची ही तुकडी अनुदानित आहे का’ असे विचारावे. बाहेरून दिसणारी एक खूणही आहे. पहिलीच्या मुलांना शालेय पोषण आहार आणि बालभारतीची मोफत पुस्तके मिळत असतील, तर तो विभाग बहुधा अनुदानित असतो.

इंग्लंडमधील कॅथलिक सरकारी प्राथमिक शाळांशी तुलना केली की आपल्याकडील व्यवस्था जास्त स्पष्ट होते. तिथे १९४४ च्या शिक्षण कायद्यापासून चर्चच्या अनेक शाळा सरकारी व्यवस्थेचा भाग आहेत. शिक्षकांचे पगार आणि रोजचा खर्च सरकार देते, जागा बहुतेक चर्चची असते आणि पालकांना फी लागत नाही. पण अर्ज जागांपेक्षा जास्त आले की बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिक मुलांना आधी घेतले जाते. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना घराजवळची चांगली शाळा या कारणाने हुकू शकते. भारतात कलम २९ (२) प्रमाणे शासनाचे अनुदान घेणाऱ्या शाळेला केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा यांवरून कोणाला प्रवेश नाकारता येत नाही. अल्पसंख्याक संस्था आपल्या समाजासाठी काही जागा राखू शकते. वऱ्हाडात कॅथलिक वस्ती विरळ असल्यामुळे बाकीच्या समाजांच्या मुलांना या शाळांत जागा मिळत आली आहे.

गरीब घरातील पालकांची निराशा आरटीईच्या २५ टक्के जागांवरून होते. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क (आरटीई) कायद्यात खासगी विनाअनुदानित शाळांतील प्रवेश-पातळीच्या २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी आहेत. दुर्बल घटकासाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एक लाख रुपये आहे. पण ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हा कायदा अनुदानित वा विनाअनुदानित अशा कोणत्याही अल्पसंख्याक शाळेला लागू होत नाही असा निकाल दिला. १ सप्टेंबर २०२५ रोजी दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या निकालावर शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा असे म्हटले. तोवर जुना निकाल कायम आहे. सबब, मोफत जागेवर भिस्त ठेवणाऱ्या पालकाने चर्चच्या शाळेची वाट पाहत बसू नये. ऑनलाइन अर्जात घराजवळच्या, आरटीईखाली येणाऱ्या शाळा निवडाव्यात.

पैसे भरून प्रवेश घेणाऱ्यानेही आपला हक्क ओळखावा. महाराष्ट्रात डोनेशनवर १९८७ च्या कायद्याने बंदी आहे, आणि २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे खासगी शाळेची फी शिक्षक-पालक संघाच्या कार्यकारी समितीपुढे जाते. पावतीशिवाय मागितलेली रक्कम देऊ नये. पावती मागण्यात संकोच कसला?

धर्माविषयीची शंका बहुतेक घरांत आजी-आजोबांच्या तोंडून येते, आणि ती हसण्यावारी नेणे योग्य नाही. कलम २८ (३) ने तिचे उत्तर दिले आहे. शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत मुलाला त्याच्या पालकाच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला बसायला भाग पाडता येत नाही. कॅथलिक शाळांत साधारणपणे कॅथलिक मुलांसाठी धर्मशिक्षणाचा वेगळा तास असतो आणि इतरांना त्या वेळी मूल्यशिक्षण दिले जाते. सकाळच्या परिपाठात प्रार्थना असते, नाताळात कार्यक्रम होतो. ज्या घराला हे खटकते, त्याने शाळेवर राग धरण्यापेक्षा दुसरी शाळा पाहणे उचित. खटकत नसेल, तर टिकली, मेंदी, बांगड्या, सणाची सुट्टी यांविषयीचे नियम प्रवेशापूर्वी विचारून घ्यावेत. वर्ष सुरू झाल्यावर त्यावरून वाद झाला की त्यात मूल भरडले जाते. मिशनच्या शाळेत शिकल्याने मुलाचा धर्म किंवा जात बदलत नाही, हे सांगण्याची गरज अजूनही पडते.

माध्यमाची बाब सर्वांत महत्त्वाची आहे, आणि नेमका तिचाच सर्वांत कमी विचार होतो. कॅथलिक म्हणजे इंग्रजी ही समजूत चुकीची आहे. वसईत मराठी बोलणाऱ्या कॅथलिकांनी मराठी माध्यमाच्या शाळा चालवल्या. गोव्यात १९९० मध्ये प्राथमिक अनुदान कोकणी-मराठी माध्यमापुरते मर्यादित झाले, तेव्हा धर्मप्रांताच्या शिक्षणसंस्थेने आपल्या शाळा कोकणीकडे वळवल्या. २०११ मध्ये शासनाने इंग्रजी माध्यमालाही अनुदान खुले केले. पालकांच्या मागणीवरून बहुतेक शाळा इंग्रजी झाल्या आणि गोवाभर त्यावर आंदोलने पेटली. संस्था, इमारत आणि सिस्टर त्याच होत्या. बदलली ती मुलाच्या वर्गातील भाषा. ६ मे २०१४ रोजीच सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका निकालात मातृभाषेचे माध्यम शासन सक्तीने लादू शकत नाही आणि माध्यमाची निवड पालकाची आहे असे ठरवले. म्हणजे ही जबाबदारी संपूर्णपणे घरावर येते.

सहा वर्षांचे मूल घरी वऱ्हाडी-मराठीत विचार करते, भांडते, गोष्ट सांगते. ज्या भाषेत त्याला प्रश्नच विचारता येत नाही, त्या भाषेत वाचन आणि बेरीज-वजाबाकी एकदम सुरू झाली की ते पाठ करायला शिकते. शिक्षण हक्क कायद्याने शक्यतो मातृभाषेत शिकवावे असे म्हटले आहे, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही किमान पाचवीपर्यंत तसेच सुचवले आहे. पापळच्या शाळेत मराठीतून शिक्षण सुरू करणारे पंजाबराव देशमुख पुढे विलायतेत बॅरिस्टर झाले आणि त्यांनी डॉक्टरेट मिळवली. इंग्रजी उशिरा आली म्हणून त्यांचे काही अडले नाही. ज्या घरात कोणी तरी रोज तासभर मुलाजवळ बसून इंग्रजी पुस्तक वाचू शकते, त्या घराने इंग्रजी माध्यमाचा विचार जरूर करावा. ज्या घरात हा भार पहिलीपासून ट्यूशनवर टाकावा लागणार आहे, त्याने नगरपरिषदेची, जिल्हा परिषदेची किंवा अनुदानित मराठी शाळा आधी पाहावी. २०२० च्या कायद्याने मराठी सर्व शाळांत सक्तीची आहे. शाळा कोणतीही असली तरी मराठीचा तास खरोखर होतो का, हे तिथल्या दुसरी-तिसरीच्या मुलाची वही पाहिल्यावर कळते.

अंतराचा प्रश्न दर्यापूरला विशेष आहे. नावाजलेल्या कॅथलिक शाळा अमरावती-अकोल्यात आहेत आणि अमरावती पन्नासेक किलोमीटर दूर आहे. म्हणून अनेक घरांत आई मुलांना घेऊन अमरावतीला खोली करते आणि बाप शेतीसाठी मागे राहतो. खारपाणपट्ट्यातील कोरडवाहू शेतीवर आधीच दोन चुली झेपत नाहीत. एखाद्या वर्षी कपाशी किंवा तूर हातची गेली की पहिला घाव फीवर बसतो आणि मधल्या वर्षात दाखला काढायची वेळ येते. शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंतच्या मुलासाठी शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असा दंडक घातला, त्यामागे लहान मुलाच्या थकव्याचा आणि घराच्या आधाराचा विचार होता. पहिलीसाठी घर दुभंगू नये. दूरच्या चांगल्या शाळेचा विचार आठवीनंतर करता येतो, तेव्हा मूल स्वतःची काळजी घेऊ शकते आणि अभ्यासाची गोडी कुठे आहे तेही कळलेले असते.

शाळा पाहायला जावे ते शाळा भरलेली असताना, परिपाठाच्या वेळी किंवा दुपारच्या सुट्टीत. पहिलीच्या वर्गात एका शिक्षकामागे तीस मुले हे कायद्याचे प्रमाण आहे. त्याच्या दुप्पट मुले बसलेली दिसली, तर त्या शाळेचे नाव कितीही मोठे असो, पहिलीच्या मुलाकडे लक्ष द्यायला तिथे वेळ नाही. शिक्षिका मुलांना नावाने हाक मारतात का, मुतारी स्वच्छ आहे का, पिण्याचे पाणी गोड आहे का आणि ऑटोत किती मुले कोंबली जातात, हेही पाहावे. आपल्या भागात पाण्याचा प्रश्न किरकोळ नाही.

शेवटी कागदपत्रे. पहिलीच्या प्रवेशाला त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. प्रवेशाच्या दिवशी शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये मुलाचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि जात लिहिली जाते. पुढे जातपडताळणीसाठी, शिष्यवृत्तीसाठी आणि नोकरीसाठी हीच नोंद मागितली जाते, आणि एकदा चुकली की दुरुस्त करून घेणे फार जिकिरीचे असते. जन्माचा दाखला, आधार आणि वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला जवळ ठेवून, काना-मात्रेसह ताडून, मगच फॉर्मवर सही करावी.