क्लॅम्प जॉबलाच लाव गं

सोमवारपासून तू लेझर वेल्डिंगच्या गनवर उभी राहणार, हे काकूकडून कळलं आणि ऊर भरून आला बघ. आपल्या घरातल्या पोरी आजवर फार तर पॅकिंगला नाहीतर इन्स्पेक्शनच्या टेबलावर गेल्या. तू थेट मशीन हातात घेतेयस. म्हणूनच नव्या जागी, सगळ्यांसमोर विचारायला अवघड वाटेल असं थोडं आत्ताच तुझ्या कानावर घालते.

आर्गॉन वेल्डिंग तू आयटीआयमध्ये शिकलीस आणि हात चांगला आहे तुझा. पण त्या सवयीच्या भरवशावर इथे राहू नकोस. तिकडे डोळ्यांना वेल्डिंग लागलं की रात्रभर वाळू गेल्यासारखं चुरचुरतं, पाणी वाहतं आणि एक-दोन दिवसांत उतरतं. तो अतिनील प्रकाश डोळ्याच्या बाहेरच्या थरावरच अडतो आणि तो थर भरून येतो. फायबर लेझरचं तसं नाही. त्याची तरंगलांबी 1070-1080 नॅनोमीटरच्या आसपास. हा किरण दिसत नाही, पण डोळ्याच्या भिंगातून सरळ आत शिरतो आणि तेच भिंग त्याला आतल्या पडद्यावर टिंबाएवढ्या जागेत गोळा करतं. दिसतच नाही म्हटल्यावर पापणी मिटणार कशी? पडद्याला वेदनाही कळत नाही. जळलेला भाग मात्र पुन्हा भरून येत नाही. गनच्या टोकाला लाल ठिपका दिसेल, तो नुसता नेम धरण्यापुरता. खरा किरण त्याच वाटेने जातो, न दिसता.

अर्ध्या वॅटच्या वरचा लेझर सगळ्यात धोक्याच्या, चौथ्या वर्गात धरतात. तुझी गन 1500 वॅटची. म्हणजे त्या हद्दीच्या तीन हजार पट.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले, ते सांगते. गनच्या वायरीबरोबर एक क्लॅम्प येतो. तो जॉबला लावायचा. नोझल जॉबला टेकलं की त्यातून बारीकसा विद्युतप्रवाह पुरा होतो आणि तेव्हाच ट्रिगर दाबल्यावर किरण निघतो. नोझल उचललं की बंद. पत्रा रंगवलेला असला, गंजलेला असला की हा संपर्क तुटतो, गन मधेच थांबते, आणि कामाची घाई असली की कुणीतरी सांगतं, ‘क्लॅम्प नोझललाच अडकव, कटकट मिटेल.’ बऱ्याच शॉपमध्ये हे सर्रास चालतं. त्या क्षणापासून गन जिकडे रोखशील तिकडे किरण निघणार. हेल्परच्या तोंडाकडे वळली तरीही. हे तू करायचं नाहीस, आणि दुसऱ्याने करून ठेवलेली गन हातात घ्यायची नाहीस. क्लॅम्पच्या जागी ग्राइंडर मारून रंग काढ, दोन मिनिटं लागतात. आणि एक ध्यानात ठेव. जॉब लोखंडी टेबलावर असला तर सगळं टेबलच त्या सर्किटमध्ये येतं. नोझल टेबलाच्या कडेला लागलं तरी गन तयार होते. म्हणून बोट ट्रिगरवर फक्त टाका मारतानाच.

पॉवरचं म्हणशील, तर स्क्रीनवरच्या आकड्यांना घाबरू नकोस, पण ते समजून घे. पीक पॉवर 1500 वॅट आणि ड्यूटी 40 टक्के ठेवलीस, तर सरासरी 600 वॅटच जातात. पातळ पत्रा जळतोय, भोक पडतंय, तर आधी ड्यूटी उतरव किंवा हाताचा वेग वाढव. मशीनबरोबर पॅरामीटरचा तक्ता येतो, तो लॅमिनेट करून डोळ्यांसमोर लाव. रोज पहिला टाका त्याच धातूच्या, त्याच जाडीच्या भंगार तुकड्यावर. ‘फुल पॉवर ठेव, काम लवकर होईल’ असं सांगणाऱ्याचं ऐकू नकोस. जास्तीची ताकद जोडात मुरत नाही. ठिणग्या उडतात आणि परावर्तन होतं. एसएसचा चकचकीत पत्रा, पितळ, तांबं, ॲल्युमिनियम किरण परत फेकतात. गन सरळ उभी धरू नकोस, तिरकी धर, आणि परत येणारा किरण ज्या बाजूला जाईल तिथे कुणी उभं नाही ना, ते बघ.

गॉगलच्या काडीवर दोन गोष्टी छापलेल्या असतात: तरंगलांबीचा पल्ला आणि ओडी. पल्ल्यात 1080 बसलं पाहिजे. ओडी 6 म्हणजे दहा लाखांतला एक भाग पलीकडे जातो. वेल्डिंगची काळी काच यासाठी बनवलेली नाही. नेमप्लेट कोरणाऱ्यांचा चष्माही चालणार नाही. त्यांच्याकडे सीओटू लेझर असतो, बारामतीत जन्मलेल्या आणि पुण्यात इंजिनिअर झालेल्या कुमार पटेलांनी 1964 साली अमेरिकेत, बेल लॅब्जमध्ये शोधलेला. (मला याचा फार अभिमान वाटतो.) सीओटूची तरंगलांबी 10,600 नॅनोमीटर, साधं ॲक्रिलिकही त्याला अडवतं. तुझ्या किरणाला ते काचेसारखं आरपार. वेल्डिंगचे लाल प्लॅस्टिकचे पडदेही तसेच, म्हणून चहूबाजूंनी पत्र्याचं पार्टिशन आणि दाराला इंटरलॉक माग. गॉगल फक्त तुला नाही, आत येणाऱ्या प्रत्येकाला हवा. तरीही किरणाच्या वाटेत बघायचं नाहीच.

पावसाळ्यात मशीन गार ठेवणाऱ्या चिलरकडे लक्ष दे. बाहेर 30 अंश आणि हवेत 80 टक्के दमटपणा असला की 26 अंशांच्या खाली गेलेल्या वस्तूवर दव धरतं. चिलर 22 वर असला तर लेन्सवर पाणी साचतं आणि लेन्स फुटते. बाकी लेन्स बदलायची कशी ते सर्व्हिसवाला दाखवेलच. फक्त त्याआधी मशीनची किल्ली फिरवून काढ आणि खिशात ठेव. जेवायला जातानाही तसंच.

जीआय पत्र्याच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप येतो, एक्झॉस्ट लावल्याशिवाय त्याला हात लावू नकोस.

आणि रविवारच्या आत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन पडद्याचा फोटो काढून घे, तारखेसह जपून ठेव. पुढे कधी शंका आली तर ताडून बघायला तोच उपयोगी पडतो. गॉगल मिळाला की त्याच्या काडीचा फोटो मला पाठव. आकडे बघून सांगते, मगच गन उचल.