अननसाच्या पानाचे कापड आणि साखरेचे बेट



उसाचे काही वाया जात नाही, हे आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको. वाढे जनावरांना, चिपाड बॉयलरला, मळी डिस्टिलरीला आणि पाचट, पेटवून दिले नाही तर, जमिनीला. तरीसुद्धा "पाल्यापासून आणखी काही निघतं का हो?" हा प्रश्न शेतकऱ्याच्या तोंडी कायम असतो, आणि तो रास्तच आहे. या अंकात आम्ही एका अशा पिकाची माहिती देत आहोत, की ज्याच्या पानापासून एका देशाचा राष्ट्रीय पोशाख होतो. पीक अननसाचे आणि देश फिलिपीन्स. तुम्ही म्हणाल, अननसाशी आमचा काय संबंध? संबंध आहे. या कापडाची हकीकत सांगताना उसाला बाजूला ठेवताच येत नाही. ज्या भागात हातमागाचा धंदा सर्वांत जोरात होता, तिथे तो बसण्यात साखरेचा मोठा वाटा आहे. तो भाग पुढे येईलच. आधी कापड समजून घेऊ.

अननस मूळचा दक्षिण अमेरिकेचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो आपल्या पश्चिम किनाऱ्याला आणला आणि तिकडच्या आदिवासींच्या बोलीतले त्याचे नाव पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्या मराठीत आले. स्पॅनिश लोकांना मात्र हे फळ पाईन झाडाच्या बोंडासारखे दिसले, म्हणून त्यांनी त्याला 'पिन्या' म्हटले. फिलिपीन्सवर १५६५ पासून १८९८ पर्यंत स्पेनचा अंमल होता. त्यामुळे तिथे फळाचे नावही पिन्या आणि पानाच्या धाग्याच्या कापडाचे नावही पिन्याच.

अननस तिथे पोचला तेव्हा लोकांना पानाफुटव्यातून धागा काढायची विद्या आधीच अवगत होती. केळीच्या कुळातले अबाका नावाचे झाड तिथे होते. त्याच्या खुंटातून दोरे काढायचे, दोऱ्याला दोरा गाठायचा आणि कापड विणायचे, ही रीत जुनी. जहाजांना लागणारा 'मनिला दोर' म्हणतात तो याच अबाकाचा. नवे झाड आले, त्याचे पान लांब, आत चिवट दोरे. हाताला कसब होतेच, ते लोकांनी या पानावर चालवले.

या कामाचे आजचे मुख्य ठिकाण म्हणजे पानाय बेटावरचा आकलान प्रांत आणि त्यातले कालिबो गाव. इथे एक गोष्ट आपल्या सभासदांना लगेच पटेल. खायचा ऊस वेगळा आणि गाळपाचा ऊस वेगळा, तसेच तिथे फळाचा अननस वेगळा आणि कापडाचा वेगळा. डब्यात भरायच्या अननसाच्या मोठ्या बागा दक्षिणेकडे मिंदानाओ बेटावर आहेत. त्या अननसाच्या पानाला काटे नसतात, फळ मोठे आणि रसाळ. कापडाला लागते ती 'रेड स्पॅनिश' नावाची जुनी काटेरी जात. तिचे पान मीटरभर, चांगल्या जागी त्याहूनही लांब जाते. ती झाडांच्या सावलीत लावतात, म्हणजे पान आणखी लांबते. लागणीनंतर साधारण दीड वर्षाने पाने तोडणीला येतात. म्हणजे आपल्या आडसालीइतकी वाट पाहावी लागते. पानाचा लोभ धरायचा तर फळाकडे दुर्लक्ष करावे लागते. एकाच रोपाकडून दोन्ही भरपूर मागता येत नाही.

पानापासून धागा

पान तोडून आणले की आधी कडेचे काटे काढतात. मग पान फळीवर ठेवून फुटक्या चिनी मातीच्या बशीच्या धारेने ते खरवडतात. हिरवा गर निघून जातो आणि वरच्या थरातले जाड दोरे उघडे पडतात. त्यांना तिथे 'बास्तोस' म्हणतात, म्हणजे राकट. हे दोरे हाताने सोडवून बाजूला ठेवायचे. खाली राहिलेला थर पुन्हा खरवडायचा, पण आता बशी चालत नाही. तिच्या धारेने आतला नाजूक दोरा तुटतो. म्हणून नारळाच्या करवंटीची कड वापरायची. त्यातून निघतो तो 'लिनिवान', केसासारखा बारीक, पांढरट आणि रेशमासारखी झाक असलेला. मग धुवायचा, बडवायचा, वाळवायचा आणि विंचरून मोकळा करायचा.

ज्यांच्या बांधाला घायपात आहे त्यांना यातले निम्मे काम ओळखीचे वाटेल. घायपाताचा वाख काढून आपण चऱ्हाट वळतो. फरक एवढाच, की तिकडे त्याच जातीच्या खटाटोपातून चऱ्हाटाऐवजी असे कापड निघते की त्याच्यातून पलीकडचे दिसते.

आता उताऱ्याची गोष्ट. साखरेचा उतारा दहावरून साडेनवावर आला की आपल्याकडे सभेत आवाज चढतो. तिथे शंभर किलो ओल्या पानातून धागा निघतो जेमतेम दोन-तीन किलो. त्यात बास्तोसही आले. उत्तम कापडाला लागणारा लिनिवान त्याहून कमी. हा उतारा वाढवायला खत उपयोगी पडत नाही. तो खरवडणाऱ्या बाईच्या मनगटावर असतो.

खरे कष्ट मात्र पुढेच आहेत. कापसासारखे या धाग्याचे सूत कातत नाहीत. जेवढे पान लांब तेवढाच दोरा लांब, म्हणून एका दोऱ्याच्या टोकाला दुसरा दोरा हाताने गाठायचा, गाठीची शेपटे कापून टाकायची, पुन्हा पुढचा दोरा. आपणच हिशेब करून पाहा. दोरा मीटरभर लांब धरला आणि दहा मीटरचा ताणा लावायचा म्हटले, तर ताण्याच्या एका धाग्याला नऊ गाठी. रुंदीत दोन हजार धागे धरले तर अठरा हजार गाठी झाल्या, आणि यात बाणा अजून आलाच नाही. हे काम बहुतेक घरातल्या बायका, त्यातही वयस्कर बायका करतात. गाठ जाड झाली तर ती फणीत अडकते आणि सैल झाली तर मागावर सुटते. विणकराचे नाव होते, पण कापडाचा पोत गाठणारीच ठरवते असे आमचे मत आहे.

पुढे कांड्या भरणे, ताणा लावणे आणि पायाने चालवायच्या हातमागावर विणणे. सराईत विणकरीण दिवसाकाठी अर्धा-एक मीटर साधे कापड काढते. विणतानाच वेगळा धागा घालून फुले-पाने उठवायची असली, तर तेवढेही होत नाही. तिकडे या नक्षीला 'सुकसुक' म्हणतात. पैठणीचा पदर विणताना किती दिवस जातात हे येवल्याकडच्या लोकांना विचारा, म्हणजे कल्पना येईल. धागा कमी पडतो म्हणून एका अंगाला रेशीम घालून 'पिन्या-सेदा' नावाचे मिश्र कापडही विणतात. ते थोडे स्वस्त पडते आणि मागावर कमी तुटते.

विणलेले कापड बहुधा लुझोन बेटावरच्या लुंबान आणि ताआल या भरतकामासाठी प्रसिद्ध असलेल्या गावांकडे जाते आणि त्याचा 'बारोंग तागालोग' होतो. हा तिथल्या पुरुषांचा लांब, पातळ, विजारीच्या बाहेर सोडायचा सदरा. १९५३ साली रामोन मॅगसेसे यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ बारोंग घालून घेतली आणि सरकारी समारंभात त्याला मान आला. आपल्याकडे ज्यांच्या नावाचा पुरस्कार ठाऊक आहे, तेच हे मॅगसेसे. एक गोष्ट हमखास सांगितली जाते, की स्पॅनिशांनी शस्त्र लपवता येऊ नये म्हणून पारदर्शक सदरा सक्तीचा केला. सांगायला बरी आहे, पण तसा हुकूम कुणाला कागदोपत्री सापडलेला नाही. उष्ण, दमट हवेत पातळ कापड आणि मोकळा सदरा कोणीही घालेल, त्याला हुकूम कशाला हवा?

साखर कशी आली

आता उसाकडे येऊ. पानाय बेटाच्या दक्षिण अंगाला इलोइलो हे बंदर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इलोइलो प्रांतात घरोघरी माग होते. पिन्या, अबाका, रेशीम, कापूस यांची कापडे बायका विणत आणि हारो व मोलो इथले व्यापारी तो माल मनिलाला पाठवत. १८५५ साली हे बंदर परदेशी व्यापाराला खुले झाले आणि १८५६ साली निकोलस लोनी नावाचा इंग्रज तिथे ब्रिटनचा उपवकील म्हणून आला. (आपल्या प्रवरेकाठच्या लोणीशी याचा काही संबंध नाही!) तो स्वतः व्यापारीही होता. त्याने मँचेस्टरच्या गिरण्यांचे स्वस्त सुती कापड आणले, आणि तेही स्थानिक पसंतीच्या नमुन्यांचे. आपल्या विणकरांचे याच गिरण्यांनी काय केले हे आपण शाळेत शिकलोच आहोत.

पण लोनीची खरी हुशारी पुढे आहे. कापड घेऊन आलेली गलबते रिकामी परत कशी न्यायची? परतीला माल हवा होता. समोरच्या नेग्रोस बेटावर जमीन सुपीक आणि बरीचशी जंगलाखाली. लोनीने उसासाठी उचल दिली, लोखंडी चरक आणि यंत्रे उधारीवर दिली आणि साखरेला गिऱ्हाईक मिळवून दिले. हारो-मोलोच्या कापड व्यापाऱ्यांनी आपले भांडवल मागातून काढले आणि पलीकडे उसाच्या मोठमोठ्या जहागिऱ्या उभ्या केल्या. माग हळूहळू थंडावले. लोनी १८६९ साली नेग्रोसवरच वारला. इलोइलोच्या धक्क्याला आजही त्याचे नाव आहे. त्याला देवदूत म्हणणारे आहेत आणि विणकरांचा काळ म्हणणारेही आहेत. आम्हाला वाटते, तो फक्त चोख व्यापारी होता. हिशेब इंग्लंडच्या बाजूने चोख होता इतकेच.

पुढचा भाग आपण नीट वाचावा. नेग्रोसवर आपल्यासारखे सभासद शेतकरी नव्हते. जमीन थोड्या घराण्यांची आणि बाकीचे मजूर. पानायवरून, विशेषतः अँटिक प्रांतातून, तोडणी मजुरांच्या टोळ्या दर हंगामाला समुद्र ओलांडून नेग्रोसला जात. त्यांना 'साकादा' म्हणतात. त्यांना नेणारा ठेकेदार आगाऊ उचल देतो आणि ती हंगामभर मजुरीतून फिटते. आपला मुकादम आठवला ना? हंगामाचा पट्टा पडला की पुढचे महिने कामच नाही. त्या दिवसांना तिकडचा स्पॅनिश शब्द आहे, 'तिएम्पो मुएर्तो', म्हणजे मेलेला काळ. ज्या घरांत पूर्वी असल्या दिवसांत माग चालत असे, त्यांतल्या पुष्कळ घरांत आता मागच उरला नव्हता. अमेरिकेच्या बाजारात फिलिपीन्सच्या साखरेला मिळणारी खास सवलत १९७४ साली संपली. नंतर जागतिक बाजारात साखर कोसळली आणि १९८५ च्या सुमारास नेग्रोसवर मजुरांची पोरे उपासमारीने दगावली. साखर गोदामात होती, बेटभर ऊस होता, पण खायला पिकवलेले नव्हते आणि विकत घ्यायला मजुरी नव्हती.

आकलान हा पानायचा वायव्येकडचा भाग. तिथले माग पूर्ण थांबले नाहीत. तरी दुसऱ्या महायुद्धानंतर पिन्या इतके कमी झाले की धंदा संपल्यातच जमा होता. १९८० नंतरच्या दशकात मनिलामधल्या हौशी मंडळींनी, आणि सरकारी धागा-खात्याने, पुन्हा लागवड व विणकाम सुरू करायला मदत केली. २००४ साली तिथे कायदा झाला की सरकारी नोकरांच्या गणवेशात देशी नैसर्गिक धाग्याचे कापड वापरावे. कायदा चांगला, पण गणवेशाला लागते गिरणीवरचे मिश्र कापड. त्याने गाठणाऱ्या म्हातारीच्या पदरात फारसे पडत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये आकलानच्या पिन्या हातमाग विणकामाची युनेस्कोच्या मानवी वारशाच्या यादीत नोंद झाली. मान मोठा आहे. अडचण मात्र जुनीच राहिली : धागा अपुरा, खरवडणाऱ्या आणि गाठणाऱ्या बायका वयाने वाढत चाललेल्या, आणि तरुण मुलींना शहरातली किंवा परदेशातली नोकरी बरी वाटते. त्यांना दोष कोणी द्यावा? दिवसभर गाठी मारून जे मिळते त्यात घर चालले पाहिजे ना.

"मग यंत्र का लावत नाहीत?" असे कोणीही विचारील. यंत्र आहे. रोळामध्ये पान घातले की गर निघून धागा बाहेर येतो आणि काम कितीतरी पटीने लवकर होते. पण बास्तोस आणि लिनिवान असे दोन थर वेगळे करणे त्याला हातासारखे जमत नाही. म्हणून यंत्राचा धागा मिश्र सुतासाठी किंवा दाबून केलेल्या जाड कापडासाठी चालतो. कार्मेन इहोसा या स्पॅनिश बाईंनी फिलिपीन्समध्ये राहून अननसाच्या टाकाऊ पानाच्या धाग्यापासून चामड्यासारखे साहित्य तयार केले, ते या दुसऱ्या वाटेने. तिथे फळाच्या बागेतला पालाच वापरता येतो आणि शेतकऱ्याला फळ सोडावे लागत नाही. ही वाट आणि आकलानची वाट यांची गल्लत करू नये. एकीत टनाचा हिशेब आहे, दुसरीत तोळ्याचा.

आपल्या देशात कोलकात्याच्या केंद्र सरकारी नैसर्गिक धागा संशोधन संस्थेने अननसाच्या पानातून धागा काढायचे यंत्र तयार केलेले आहे. ज्या सभासदांची सोयरीक कोकणात किंवा गोव्याकडे आहे आणि तिथे अननसाची लावणी आहे, त्यांनी चौकशी जरूर करावी. मात्र यंत्राची किंमत विचारण्याआधी आपली जात काटेरी की बिनकाट्याची, पान किती लांब आणि फळ काढल्यावर एकरी ओला पाला किती निघतो, हे मोजून लिहून ठेवावे. आणि धागा कोण, कुठे, काय दराने घेणार, हे त्या गिऱ्हाइकाकडूनच लेखी घ्यावे, यंत्र विकणाऱ्याकडून नव्हे.