सभागृह रिकामे, सेवा अखंड

प्रस्तावना

शासन म्हटले की दिल्ली किंवा राज्याची राजधानी आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते. परंतु नळाला येणारे पाणी, दारातून उचलला जाणारा कचरा, रस्त्यावरचा दिवा, बाळाच्या जन्माची नोंद आणि स्मशानभूमीची व्यवस्था या गोष्टी ज्या संस्थेच्या हाती असतात, ती संस्था आपल्याच गावात असते. तिला महाराष्ट्रात नगरपालिका किंवा महानगरपालिका म्हणतात. छत्तीसगडमध्ये मोठ्या शहराच्या अशा संस्थेला नगर निगम म्हणतात आणि तिच्या निर्वाचित सदस्याला, म्हणजे आपल्या नगरसेवकाला, तेथे पार्षद म्हणतात.

कधी सरकार बदलते, कधी निवडणूक लांबते, कधी शहराची हद्द बदलते. क्वचित एखादे राज्यच नव्याने जन्माला येते. अशा अनिश्चित काळात ही दैनंदिन कामे कोण चालवतो? आणि कामे चालू राहिली म्हणजे सारे ठीक आहे असे म्हणता येईल काय? प्रस्तुत पाठात भिलाई शहराच्या उदाहरणावरून आपण या दोन प्रश्नांचा विचार करणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला :
• निर्वाचित सभागृह नसतानाही नागरी सेवा कशा चालू राहतात, हे सांगता येईल;
• प्रशासकाचा कारभार आणि लोकप्रतिनिधींचा कारभार यांतील फरक स्पष्ट करता येईल;
• अशा काळात नागरिकाने कोणते मार्ग वापरावेत, हे समजेल.

मूळ पाठ

१. एका शहरात दोन व्यवस्था

भिलाई हे छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यातील, मुंबई-हावडा लोहमार्गावरील शहर आहे. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून येथे पोलाद कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर कामगारांसाठी सेक्टरांची आखीव वसाहत बांधण्यात आली. देशाच्या सर्व भागांतून माणसे येथे कामासाठी आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती.

सेक्टरांमधील पाणी, वीज आणि रस्ते यांची व्यवस्था मुख्यतः कारखान्याचा नगर सेवा विभाग पाहतो. वसाहतीबाहेर सुपेला, खुर्सीपार, कॅम्प, कोहका, वैशालीनगर असे दाट वस्तीचे भाग वाढत गेले. तेथील रहिवाशाचा आधार म्हणजे नगर निगम. म्हणून निगमाच्या कारभारात व्यत्यय आला, तर त्याची झळ सेक्टरपेक्षा या वस्त्यांना आधी लागते. मतदार मात्र दोन्हीकडचे लोक असतात. स्थानिक संस्थेचे महत्त्व सर्वांना सारखे भासत नाही, हे या शहरात स्पष्ट दिसते.

२. राज्य बदलले, निगम टिकला

भिलाई नगर निगमाची स्थापना १९९८ मध्ये झाली. त्या वेळी भिलाई मध्य प्रदेशात होते. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड हे स्वतंत्र राज्य अस्तित्वात आले. राजधानी भोपाळऐवजी रायपूर झाली आणि शासन, मंत्री, सचिवालय हे सारे नवे झाले. तरीही निगमाला नव्याने जन्म घ्यावा लागला नाही. ज्या १९५६ च्या अधिनियमानुसार तो चालत होता, तोच अधिनियम पुढे छत्तीसगडच्या नावाने लागू राहिला.

असे का घडू शकले? कायद्याच्या दृष्टीने नगर निगम ही स्वतःची मुद्रा आणि मालमत्ता असलेली एक व्यक्तीच आहे. ती दावा लावू शकते, करार करू शकते. महापौर आणि पार्षद येतात व जातात. पण निगमाने केलेला करार, त्याचे देणे-घेणे आणि त्याची कर्तव्ये कायम राहतात. नदी तीच असते, पाणी मात्र सतत बदलत असते, तसाच हा प्रकार आहे.

३. पार्षदांविना एक वर्ष

भिलाईची खरी परीक्षा २०२१ मध्ये झाली. तत्पूर्वी २०१९-२० मध्ये भिलाई निगमातून रिसाली हा भाग वेगळा काढून तेथे स्वतंत्र नगर निगम करण्यात आला. साहजिकच प्रभागांची रचना नव्याने करावी लागली. त्याच सुमारास कोरोनाची महामारी आली. २०२१ च्या आरंभी भिलाईच्या सभागृहाची पाच वर्षांची मुदत संपली. परंतु नवी निवडणूक झालेली नव्हती. निगमाचा कारभार प्रशासकाच्या हाती गेला.

याच वर्षी महामारीची दुसरी लाट आली. दुर्ग जिल्ह्याला तिचा मोठा तडाखा बसला आणि ६ एप्रिल २०२१ पासून जिल्ह्यात टाळेबंदी लागू झाली. नागरिकाला स्थानिक संस्थेची सर्वांत अधिक गरज असते अशी ही वेळ होती. नेमक्या त्याच वेळी प्रभागात निवडून आलेला पार्षद नव्हता. सफाई, पाणीपुरवठा, मृत्यूची नोंद आणि अंत्यविधीची व्यवस्था ही कामे थांबवणे मात्र शक्यच नव्हते. ती अधिकारी व कर्मचाऱ्यांनीच पार पाडायची होती.

अखेर २० डिसेंबर २०२१ रोजी भिलाईच्या ७० प्रभागांसाठी मतदान झाले. जानेवारी २०२२ मध्ये पार्षदांनी आपल्यातून महापौर निवडला. महापौर निवडण्याची ही पद्धतही राज्याने २०१९ मध्येच बदललेली होती. त्याआधी मतदार थेट महापौर निवडत असत. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्यातील इतर शहरांत झालेल्या निवडणुकांत थेट निवडीची पद्धत परत आली. म्हणजे हद्द, मुदत आणि निवडीचा नियम या तिन्ही गोष्टी थोड्याच वर्षांत बदलल्या. निगमाची नित्याची कामे मात्र चालू ठेवावी लागली.

४. सेवा अखंड का राहतात?

यामागे चार आधार आहेत.

पहिला आधार कायद्याचा. १९९२ ची ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिने नागरी संस्थांना घटनेत स्थान दिले आणि बाराव्या अनुसूचीत त्यांच्यासाठी १८ विषय नमूद केले. पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य, रस्ते, अग्निशमन, जन्म-मृत्यूची नोंद हे त्यांतील काही होत.

दुसरा आधार कायम नोकरवर्गाचा. आयुक्त, अभियंता, आरोग्य निरीक्षक, पाणी सोडणारा कर्मचारी आणि सफाई कामगार यांची नेमणूक निवडणुकीवर अवलंबून नसते. सभागृह विसर्जित झाले तरी पहाटेची पाळी चुकत नाही.

तिसरा आधार पैशाचा. मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि शासनाचे अनुदान यांवर संस्था चालते. सभागृह नसले तरी कर देण्याचे नागरिकाचे कर्तव्य संपत नाही.

चौथा आधार नियमांचा. निवडणुकीची आचारसंहिता लागू झाली की नव्या योजनांची घोषणा करता येत नाही. पण चालू कामे आणि आवश्यक सेवा सुरूच राहतात. त्याचप्रमाणे, मूल जन्मल्यापासून २१ दिवसांच्या आत त्याची नोंद करावी, हा नियम सभागृह असो वा नसो, सारखाच लागू असतो.

५. मग थांबते काय?

वरील विवेचनावरून कोणी म्हणेल, “सारे चालतच असेल, तर निवडणूक हवी कशाला?” हा प्रश्न मोलाचा आहे, कारण येथेच सेवा आणि स्वराज्य यांतील फरक कळतो.

प्रशासक पाणी सोडू शकतो. परंतु आधी कोणत्या वस्तीत नवी जलवाहिनी टाकावी, हा निर्णय केवळ तांत्रिक नसतो. त्यात न्याय-अन्यायाचा विचार असतो. सभागृहात प्रत्येक प्रभागाचा माणूस उठून बोलू शकतो, अंदाजपत्रकावर चर्चा होते, आयुक्तांना जाब विचारला जातो. सभागृह नसले की ठराव मांडणारा, तो मंजूर करणारा आणि त्याची अंमलबजावणी करणारा एकच होतो. प्रशासक कितीही कर्तव्यदक्ष असला, तरी तो वरिष्ठांना उत्तर देतो, मतदारांना नव्हे.

गरीब वस्तीला याची झळ अधिक बसते. सुशिक्षित मनुष्य अर्ज लिहून कचेरीत जातो. ज्याला लिहिता येत नाही किंवा ज्याचा दिवसाचा रोजगार बुडतो, त्याला गल्लीतला पार्षद हाच कचेरीचा दरवाजा असतो. रहिवासाच्या दाखल्यासाठी एखादी सही हवी असली, तरी तो त्याच्याच घरी जातो. तो नसेल तर कचेरी पूर्वीइतकीच जवळ असूनही दूर जाते.

म्हणूनच राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३ प नुसार नागरी संस्थेची मुदत पाच वर्षांची असते. ती संपण्यापूर्वीच निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. मुदतीआधी सभागृह विसर्जित झाल्यास सहा महिन्यांच्या आत ती व्हावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये किशनसिंह तोमर विरुद्ध अहमदाबाद महानगरपालिका या प्रकरणात हे बंधन ठामपणे सांगितले. अपवाद केवळ नैसर्गिक आपत्तीसारख्या असाधारण परिस्थितीचा. म्हणजे प्रशासक हा तात्पुरता पूल आहे. पुलावर कोणी घर बांधत नाही.

६. पूल लांबला तर

हा पूल किती लांबू शकतो, हे महाराष्ट्राने अनुभवले. बृहन्मुंबई महानगरपालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण आणि प्रभागरचना यांवरील वाद न्यायालयात होते. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले. मधल्या जवळजवळ चार वर्षांत मुंबईचे दिवे विझले नाहीत की पाणी तुटले नाही. परंतु २०२५-२६ चे सुमारे ७४ हजार कोटी रुपयांचे अंदाजपत्रक एकाही नगरसेवकाच्या चर्चेविना मंजूर झाले.

शेजारच्या नेपाळचा अनुभव याहून कठीण आहे. तेथील स्थानिक संस्थांची मुदत २००२ मध्ये संपली आणि त्यानंतरच्या निवडणुका २०१७ मध्ये झाल्या. मधली सुमारे पंधरा वर्षे कारभार मुख्यतः सरकारी सचिवांनी पाहिला. सशस्त्र संघर्षाच्या काळात अनेक सचिवांना गाव सोडून जिल्ह्याच्या ठिकाणी राहावे लागले. त्यामुळे साध्या नोंदीसाठीही गावकऱ्यांना पायपीट करावी लागे. तात्पुरती सोय कायमची झाली म्हणजे काय होते, याचा हा धडा आहे.

७. नागरिकाच्या हातातील साधने

सभागृह नसले तरी नागरिक निराधार नसतो. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार आपल्या गल्लीतील कामावर किती खर्च झाला, हे कोणीही विचारू शकतो. सर्वसाधारणपणे ३० दिवसांच्या आत उत्तर मिळाले पाहिजे. छत्तीसगडमध्ये २०११ चा लोकसेवा हमी कायदा आहे, तर महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यांनुसार ठरावीक सेवा ठरावीक मुदतीत मिळवणे हा नागरिकाचा हक्क आहे. तक्रार लेखी द्यावी, पोच घ्यावी, दिनांक जपून ठेवावा. एकट्याऐवजी वस्तीतील दहा-वीस जणांनी मिळून अर्ज केला, तर त्याचे वजन वाढते. मतदार यादीत आपले नाव आहे की नाही, हेही याच काळात तपासावे. कारण निवडणूक लांबली तरी ती कधीतरी येतेच.

शब्दार्थ

अखंड – न थांबणारे. प्रशासक – निर्वाचित सभागृहाच्या जागी कारभार पाहण्यासाठी नेमलेला अधिकारी. प्रभाग – शहराचा एक प्रतिनिधी निवडण्यासाठी पाडलेला भाग. विसर्जित – बरखास्त. अनुसूची – कायद्याला जोडलेली यादी. पोच – अर्ज मिळाल्याची पावती.

पाठगत प्रश्न

१. भिलाई नगर निगमाची स्थापना झाली, तेव्हा भिलाई कोणत्या राज्यात होते?
२. बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांसाठी किती विषय दिले आहेत?
३. चूक की बरोबर ते लिहा : सभागृहाची मुदत संपली की नागरिकाला मालमत्ता कर द्यावा लागत नाही.

तुम्ही काय शिकलात?

• स्थानिक संस्था कायम असते. तिचे पदाधिकारी बदलतात.
• कायदा, नोकरवर्ग, निधी आणि नियम यांच्या आधारावर सेवा चालू राहतात.
• सेवा मिळणे आणि आपल्या कारभारात आपला शब्द असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली प्रशासक देऊ शकतो; दुसरी केवळ निवडणुकीतून मिळते.

स्वाध्याय

१. “प्रशासक हा तात्पुरता पूल आहे,” या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. सभागृह नसल्यास गरीब वस्तीला अधिक झळ का बसते? आठ-दहा ओळींत लिहा.
३. उपक्रम : तुमच्या गावातील किंवा प्रभागातील स्थानिक संस्थेची मुदत केव्हा संपते, याची माहिती मिळवा. वस्तीतील एका गैरसोयीविषयी त्या संस्थेला उद्देशून अर्जाचा नमुना तयार करा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. मध्य प्रदेशात. २. अठरा. ३. चूक.