ओढायचं पिल्लाने, धरायचं आपण

प्रश्न: आमच्या शेतातल्या घरी तीन महिन्यांचं बेल्जियन मॅलिनॉइस जातीचं पिल्लू आणलं आहे. पुढे त्याला रीतसर शिकवून राखणीला ठेवायचा विचार आहे. माझा नऊ वर्षांचा मुलगा दिवसभर त्याच्याशी फडकं ओढायचा खेळ खेळतो. पिल्लू गुरगुरतं, डोकं झटकतं, काही केल्या सोडत नाही. कधीकधी मुलगा फडकं वर उचलतो आणि पिल्लू त्याला लटकतं. सासरे म्हणतात, अशाने कुत्रं चावरं होतं, आणि त्याला जिंकू दिलं तर उद्या डोक्यावर बसेल. ओळखीतले एक जण उलटंच सांगतात, की या खेळाशिवाय कामाचं कुत्रं तयारच होत नाही. खरं काय? त्याच्या दातांना, मानेला काही होणार नाही ना? आणि तोंडातलं फडकं सोडवायचं कसं?
— एक वाचक, फलटण

उत्तर: सगळ्यात आधी ते लटकणं थांबवा, आजच. खेळ मात्र बंद करू नका. नीट खेळलात तर तो या पिल्लाच्या फार उपयोगाचा आहे.

तीन महिन्यांच्या पिल्लाच्या तोंडात दुधाचे २८ दात असतात. त्यातले सुळे लांब, बारीक आणि टोकदार. ते फडक्यात खोल रुततात, आणि पिल्लू वर उचललं गेलं की त्याचं सगळं वजन त्या सुळ्यांवर आणि मानेवर येतं. दुधाचा सुळा मोडला तर ‘तो पडणारच होता’ म्हणून सोडून देता येत नाही. मोडलेल्या दाताचा आतला जिवंत गाभा उघडा पडतो, ठणकतो, तिथून जंतू आत शिरतात आणि खाली तयार होत असलेल्या कायमच्या दातालाही इजा होऊ शकते. मानेचं म्हणाल, तर पिल्लू चारी पाय रोवून मागे ओढतं तेव्हा ताण मान, पाठ, मागचे पाय असा सगळ्या अंगात वाटला जातो. पाय जमिनीवरून सुटले की तो वाटला जात नाही. आपण हिसके दिले तरी तेच होतं, कारण हिसका कधी येणार हे पिल्लाला कळत नाही आणि अंग सावरायला त्याला वेळ मिळत नाही.

म्हणून या वयात ओढायचं काम पिल्लाचं, आपण फक्त धरायचं. मोठी माणसं नेमकं इथेच चुकतात. पिल्लू जोर लावतं तसा आपणही जोर लावतो आणि आठ-दहा किलोच्या जिवाशी पन्नास-साठ किलोच्या माणसाची रस्सीखेच सुरू होते.

खेळताना जमिनीवर बसा किंवा गुडघा टेका. फडकं पिल्लाच्या तोंडासमोर नाचवू नका, तोंडात कोंबू तर नकाच. ते जमिनीवरून त्याच्यापासून दूर पळू द्या, मध्येच थांबू द्या, पुन्हा वळू द्या. भक्ष्य पळत असतं, ते शिकाऱ्याच्या तोंडात येऊन पडत नाही, हे पिल्लू उपजतच जाणतं. त्याने झेप घेऊन पकडलं की फडक्याला हलका ताण द्या, हात त्याच्या डोक्याच्या उंचीवर किंवा त्याहून खाली ठेवा. त्याला मागे रेटू द्या. डोकं झटकायचं तर त्यालाच झटकू द्या, तुम्ही त्याला इकडून तिकडे झुलवू नका. दोन-चार वेळा त्याने मनापासून ओढलं की हात सैल सोडा आणि फडकं त्याचं होऊ द्या. ते तोंडात मिरवत फिरेल. त्याच्यामागे धावू नका. जमिनीवरच बसून लाडाने बोलवा, जवळ आलं की फडकं लगेच काढून न घेता पाठीवरून, कुशीवरून हात फिरवा. माणसाजवळ गेलं की आपली वस्तू जात नाही, उलट पुन्हा खेळ मिळतो, हे त्याला या वयात कळलं तर पुढचं निम्मं प्रशिक्षण सोपं होतं. माझ्या मते या खेळातला सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे, आणि घाईत तोच राहून जातो.

वेळ थोडा ठेवा. एक-दोन मिनिटांचा डाव, दिवसातून दोन-तीनदा, पिल्लाला अजून हवंहवंसं असतानाच थांबायचं. दिवसभर चालणाऱ्या ओढाओढीत पिल्लू दमतं, चिडचिडं होतं आणि मग हातच धरू लागतं. उन्हाळ्यात सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर खेळा, पोट भरलेलं असताना खेळू नका. जागा मातीची किंवा गवताची बघा. घरातल्या गुळगुळीत टाइल्सवर पाय फाकतात, आणि वाढत्या हाडांच्या टोकांशी असलेला कूर्चेचा भाग मोठ्या जातींत साधारण एक ते दीड वर्षापर्यंत कच्चाच असतो. याच कारणाने खेळणं उंच धरून उड्या मारायला लावणंही टाळा.

फडकं कसलं? जाड सुती कापड, जुना टॉवेल, कडा दुमडून शिवलेली गोणपाटाची पट्टी, यातलं काहीही चालेल. मऊ आणि रुंद हवं, म्हणजे पिल्लू पुढच्या दातांनी नुसतं चिमटीत न धरता तोंड भरून धरेल. कामाच्या कुत्र्यांना शिकवणारे याच भरीव, शांत पकडीकडे बारकाईने बघतात. लांबी हातभर तरी हवी. धागे सुटायला लागले की फेकून द्या. सुटलेली सुतळी किंवा दोरा पोटात गेला तर आतडं त्याच्यावर गोळा होऊ शकतं आणि मग शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसतं. खेळ संपला की फडकं उचलून ठेवा, चघळायला देऊ नका. पायमोजे आणि मुलाचे जुने शर्ट यासाठी वापरू नका, कारण अंगावरचा शर्ट आणि खेळातला शर्ट यातला फरक पिल्लाला कळणार नाही.

आता लवकरच दात बदलायला लागतील. साडेतीन-चार महिन्यांच्या सुमारास पुढचे दात पडू लागतात, सुळे पाचव्या-सहाव्या महिन्यात, आणि सातव्या महिन्यापर्यंत बहुधा कायमचे ४२ दात पुरे होतात. या काळात फडक्यावर रक्ताचा एखादा ठिपका दिसला तर घाबरू नका. पण पिल्लू पकडून लगेच सोडत असेल, एकाच बाजूने धरत असेल, तोंडाला हात लावू देत नसेल, तर ओढाओढ काही आठवडे बाजूला ठेवा. इथे घाई नडते. पकडलं की दुखतं, असं एकदा मनात बसलं तर चांगल्या जातिवंत कुत्र्याचीही पकड बिचकती होते. तोवर फडक्यामागे नुसतं पळवा, चेंडू घरंगळवा, ओला टॉवेल फ्रीजरमध्ये थंड करून तुमच्या देखत चावायला द्या. नवा सुळा आला आणि जुना अजून जागेवरच आहे, असे दोन शेजारी दिसले तर पशुवैद्यांना दाखवा. जुना काढावा लागतो, नाहीतर नवा वाकडा येतो.

सासऱ्यांच्या शंकेकडे वळू. जिंकू दिल्याने कुत्रं डोक्यावर बसतं का, हे इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठात निकोला रूनी आणि जॉन ब्रॅडशॉ यांनी तपासून पाहिलं. त्यांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. १४ गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांबरोबर ओढाओढ खेळून त्यांना २० डावांत बहुतेक वेळा जिंकू दिलं आणि २० डावांत बहुतेक वेळा हरवलं. जिंकणारी कुत्री माणसावर शिरजोर झाल्याचं दिसलं नाही. मुळातच खेळकर असलेली कुत्री जिंकल्यावर आणखी खेळा म्हणून मागे लागली, एवढंच. गोल्डन रिट्रीव्हर मवाळ जात आहे आणि मॅलिनॉइस नाही, हे ध्यानात ठेवून मी एवढंच सांगेन, की जिंकू द्या, पण डाव कधी सुरू होणार आणि कधी संपणार हे तुमच्या हातात ठेवा.

गुरगुरण्याचंही तसंच. बुडापेस्टच्या संशोधकांनी कुत्र्यांचं खेळातलं गुरगुरणं आणि हाडाची राखण करतानाचं गुरगुरणं ध्वनिमुद्रित करून, दुसऱ्या कुत्र्यांना हाडाजवळ जाताना ऐकवलं. हाड राखणाऱ्याचा आवाज ऐकून कुत्री मागे सरली, खेळातल्या आवाजाला फारशी बिचकली नाहीत. तो अभ्यास २०१० सालचा आहे. आपल्या कानाला तो फरक नेहमी कळेलच असं नाही, म्हणून अंगाकडे बघा. अंग सैल, शेपूट झाडल्यासारखी हलते, मधूनच पुढचे पाय पसरून पार्श्वभाग वर केला जातो, तर तो खेळ आहे. अंग ताठ, नजर रोखलेली, फडक्यावर ओणवं होऊन निश्चल उभं, तर तिथे थांबा. त्या वेळी हिसकावून घेऊ नका. दुसरी चांगली वस्तू देऊन बदली करा, आणि हे वारंवार दिसलं तर जाणत्या प्रशिक्षकाला दाखवा.

चावरं कुत्रं या खेळाने होत नाही. ते होतं दुसऱ्याच कारणाने. फडकं तोंडात असताना येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बोट दाखवून ‘छू’ म्हणणं, पाहुण्याच्या पायाशी फडकं हलवून पिल्लाला चिथावणं, याने ते माणसावर दात वापरायला शिकतं. राखणीचं कुत्रं हवं म्हणून असं करणारे बरेच आहेत आणि त्याची किंमत पुढे पोस्टमनला, गड्याला, शेजारच्या पोराला मोजावी लागते. तुमच्या घरी हे कुणालाही करू देऊ नका. ही जात बेल्जियममधल्या मेंढपाळांची, हलत्या वस्तूमागे धावणं आणि तोंडाने धरणं तिच्या रक्तात आहे. फडकं दिलं नाही तर ती पँटची शिवण आणि शेळीचा पाय धरेल. फडकं देऊन त्या ओढीला वळण लावता येतं.

तुमच्या ओळखीतल्या गृहस्थांचं म्हणणं याच अर्थाने बरोबर आहे. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या झंजीर या स्फोटकं शोधणाऱ्या कुत्र्याने केलेली कामगिरी महाराष्ट्राला ठाऊक आहे. स्फोटकं हुंगून काढणाऱ्या आजच्या अनेक कुत्र्यांना वास सापडल्यावर ओरबाडायचं नसतं, शांत बसून खूण करायची असते, आणि त्याची मजुरी म्हणून आवडतं खेळणं ओढायला मिळतं. खेळाची ही भूक लहानपणी मारली, तर पुढे कामाला लावायला हातात फारसं काही उरत नाही.

सोडायला शिकवणं याच वयात सुरू करा, पण जबडा फाकवून, नाकाडावर मारून किंवा पट्ट्याने गळा आवळून नाही. दोन्ही हातांनी फडकं गुडघ्याशी घट्ट दाबून धरा आणि अजिबात हलवू नका. तुम्हीही बोलू नका. फडकं मेल्यासारखं झालं की पिल्लाचा रस संपतो आणि पकड सैल होते. ती सुटते त्या क्षणी शांतपणे ‘सोड’ म्हणा आणि लगेच फडकं पुन्हा पळवा. सोडल्याचं बक्षीस म्हणजे पुढचा डाव. फारच हट्ट धरला तर नाकाशी उकडलेल्या चिकनचा तुकडा न्या. शब्द आधी ओरडून काही उपयोग नाही. सुटण्याशी त्याची गाठ बसू द्या, मग काही दिवसांनी शब्द आधी म्हणून बघा.

राहिला मुलगा. नऊ वर्षांच्या मुलाने या जातीच्या पिल्लाशी ओढाओढ खेळायची ती मोठं माणूस शेजारी बसलेलं असतानाच, लांब फडक्याने, आणि पळत नाही तर बसून. दात बोटाला लागला तर तिथेच हात स्थिर ठेवायचा आणि खेळ थांबवायचा, हे त्याला आधी समजावून सांगा. कातडी खरवडली तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा, कारण या वयाच्या पिल्लाला रेबीजची लस नुकतीच मिळालेली असते किंवा मिळायची असते. मुलाला त्याच्या हक्काचा खेळ हवाच असेल तर लपंडाव द्या. तुम्ही पिल्लाला धरा, मुलगा ज्वारीच्या कडब्याआड लपेल, नाव घेऊन एकदाच हाक मारेल, आणि शोधून काढलं की खाऊ देईल. नाकाने माणूस शोधायला शिकवण्याची सुरुवात अशीच करतात, आणि त्यात दातांचं काही काम नसतं.